मालनची पिकअप, तात्यांची मोटरखोली

“दादा, तू दिसत न्हाईस मला. आरशात ये.”

मालनने पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. साडीवरून पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मी कंपाउंडच्या भिंतीला पाठ घासत थोडा पुढे सरकलो.

“आता दिसतोस. सांग.”

“ये,” मी म्हणालो.

“आं?”

“ये म्हटलं. मागे ये.”

“कानात सांगायलास व्हय? इंजिन चालू हाय.”

समोरच्या कट्ट्यावर नलवडे बसले होते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुपार टळली की ते तिथे येऊन बसत आणि गल्लीत काय चाललंय याची नोंद घेत.

“ग्रंथपाल, मी येऊ का?” ते म्हणाले. “माझा आवाज छपरावरच्या पॅसेंजरलाही ऐकू जायचा.”

“नको,” मी म्हणालो. “आमचं आम्ही करतो.”

हे मी जरा तोऱ्यातच म्हणालो असेन. आयुष्यात प्रथमच मी स्वतः होऊन काहीतरी ठरवलं होतं, आणि ते शेवटाला न्यायचं असा निश्चय केला होता.

गाडी मागे येऊ लागली. तिच्या हौद्यावर वाकवलेल्या पाइपांचा सांगाडा होता, आणि त्यावर जुन्या साड्या एकमेकींना शिवून छत केलेलं. आत फळ्यांवर ट्रे मांडलेले. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, सगळी करंगळीएवढी रोपं. साड्या बहुतेक फुलाफुलांच्या, उन्हानं विटलेल्या. शेवटची मात्र हिरवी इरकल होती, मोहरीच्या रंगाच्या काठांची. मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग चाकांकडेच पाहत राहिलो.

सांगाडा मोटरखोलीच्या दाराच्या लिंटलजवळ आला तेव्हा मी “बास” म्हणालो. पुन्हा एकदा म्हणालो. मग पाइप सिमेंटवर घासल्याचा आवाज आला आणि तो मालनने ऐकला.

“तू बास म्हणालास का, दादा?”

“म्हणालो.”

“कवा?”

“दोनदा.”

नलवडे कट्ट्यावर हसले. मालन हसली नाही. तिने गाडी पुढे घेतली, खाली उतरली, आणि हौद्यात चढून पाइपाला कुठे पोचा आलाय का ते हातानं चाचपू लागली.

ही खोली तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बांधली होती. तात्या सूतगिरणीत हेडक्लार्क होते. पुढेमागे मोटर घ्यायची म्हणून त्यांनी घराबरोबरच मोटरखोली बांधून घेतली. शटर लावलं, कुलूप आणलं. मोटर आली नाही. आमच्या लहानपणी ती खोली रिकामीच असायची. मालन पाटावर बसून हातात ताटली धरायची आणि मोटर चालवायची. मी मागच्या पाटावर पुस्तक घेऊन बसायचो. थोड्या थोड्या वेळानं ती मान वळवून विचारायची, “दादा, कुठं उतरायचं?” मी पान न उलटता म्हणायचो, “चालू दे.”

पुढे तिचं लग्न झालं. तिला पलूसकडच्या एका गावात दिली. मी वाचनालयात लागलो. तात्या गेल्यावर घर माझ्याकडे आलं, आणि मोटरखोलीत पुस्तकं आली. वाचनालयातून दरवर्षी जी पुस्तकं बाद होत, ती रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी सायकलवरून घरी आणत असे. डावीकडे रॅक, उजवीकडे रॅक, मागे रॅक. मी तिथे स्टुलावर बसायचो. बायको, कुमुद, जेवायला हाक मारायची तेव्हा तिला निदान तीनदा मारावी लागे.

मालनचा नवरा लवकर गेला. तिने त्याच्या दोन एकरांवर रोपवाटिका घातली. नंतर जुनी पिकअप घेतली, पडीक रानात स्वतःच चालवायला शिकली आणि आमच्या गावच्या बाजाराला रोपं घेऊन यायला लागली. हे मला तिने सांगितलं नव्हतं. मला सांगितलं नलवड्यांनी.

“तुमच्या भगिनी दिसल्या बाजारात,” ते एका सकाळी म्हणाले. “गाडीतच झोपल्या होत्या. शेळ्यांनी निम्मी रोपं खाल्लीत बघा मागनं. शेतकरी उजाडताच येतो ना रोपाला, म्हणून आदल्या संध्याकाळीच यावं लागतं म्हणे.” आणि मग, माझ्याकडे न बघता: “मला वाटलं, तुमच्याकडं उतरल्या असतील.”

मी त्या दिवशी वाचनालयात एका कार्डाला तीन वेळा चुकीचा नंबर घातला. संध्याकाळी मालनला फोन लावला.

“माले, गाडी आपल्या मोटरखोलीत लाव. शटर आहे. शेळी येणार नाही.”

ती म्हणाली, “भाडं काय घेशील?”

मी हसलो. ती हसत नव्हती.

“भाडं कसलं?”

“मग नको,” ती म्हणाली. “फुकाट नको मला.”

“तू ये तर,” मी म्हणालो. “आधी मावतेय का बघू.”

कुमुदला मी नंतर सांगितलं. ती भाजी निवडत होती. “पुस्तकं कुठं ठेवणार?” तिने विचारलं. “खाटेखाली,” मी म्हणालो. “आणि आपण कुठं?” ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून तीच पुढे झाली. डावीकडचे आणि मागचे रॅक आम्ही दोघांनी रिकामे करून बाहेर काढले. व्हरांडा भरला, झोपायची खोली भरली. मागचा रॅक निघाला तेव्हा त्याच्यामागचं, स्वयंपाकघरात जाणारं छोटं दार कित्येक वर्षांनी मोकळं झालं.

उजवीकडचा रॅक मी राहू दिला. त्यात शब्दकोश, ज्ञानकोशाचे खंड, जाडजूड सूच्या असं सगळं होतं. मी टेप लावून मोजलं होतं. रॅक ठेवूनही गाडी जात होती. चार बोटं उरत होती.

इकडे मालनने पान्यानं नट सैल केले, एकेक पाइप काढला. साड्यांचं छत सोडवून तिने गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

“धर हे. धुळीत ठेवू नकोस.”

मी साड्यांचं ओझं छातीशी धरून उभा राहिलो. इरकल वरच होती. काठ अजून घट्ट होता, रंगही फारसा गेला नव्हता. कुमुद चहा घेऊन बाहेर आली, आणि तिची नजर त्या काठावर थांबली.

“अहो, ही तर...”

मी मानेनंच नको म्हटलं.

“काय वो वहिनी?” मालन पाठमोरीच म्हणाली.

“काही नाही वन्सं. चहा गार होतोय.”

मालनने बशीत ओतून चहा घेतला. बशी ठेवताना तिने मोटरखोलीत डोकावलं.

“ह्यो रॅक का ठिवलास?”

“मावतंय.”

“न्हाई मावत.”

“मी मोजलंय, माले.”

“काय मोजलंस?”

“गाडी. गेल्या आठवड्यात बाजारात एक तसलीच गाडी उभी होती, ती मोजली.”

“मोकळी?”

“हो.”

“माझ्या फळ्या हौद्याभाईर हाईत, दादा. ट्रेच्या. ही बघ.” तिने हात लावून दाखवलं. “ह्या बाजूनं वीतभर, त्या बाजूनं वीतभर.”

तेव्हाच मी रॅक काढायला हवा होता. पण मी म्हणालो, “हळूहळू घेतलीस तर जाईल.”

का म्हणालो असेन? पुष्कळदा विचार केला आहे. काहीतरी देऊन टाकायचं, पण थोडं आपल्याकडे राखून ठेवायचं, ही माझी जुनी खोड असावी. किंवा आपण मोजलेलं चुकलं हे कबूल करायची लाज. मला ठरवता आलेलं नाही.

मालन माझ्याकडे बघत राहिली. मग गाडीत चढली.

यावेळी मी मोठ्यानं बोलायचं ठरवलं होतं. “ये,” मी म्हणालो, “ये, ये.” गाडीचा मागचा भाग आत शिरला. डावीकडे जागा होती. उजवीकडे फळीचं टोक रॅकच्या खांबाकडे सरकत होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. मी “बास” म्हणालो. मला वाटलं ओरडलो. पण चाळीस वर्षं ज्या माणसानं लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, त्याचं ओरडणं कितीसं असणार?

फळी खांबात अडकली. रॅक आधी नुसता हलला, मग वाकला, आणि वरच्या खणातली पुस्तकं सरळ हौद्यात पडली. कोशाचा एक खंड टोमॅटोच्या ट्रेत उपडा झाला.

मालनने गाडी बंद केली. मागे येऊन तिने आधी पुस्तक उचललं. पानांतली माती फुंकली, झटकली, आणि ते माझ्या हातात दिलं. त्यानंतर ट्रेकडे बघितलं.

“ह्यो गेला.”

“दुसरा भरता येणार नाही?”

“रोप हाय, दादा. ह्याची दुसरी आवृत्ती निघत न्हाई.”

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखंच म्हणाली. मोडलेल्या रोपांतून जी एकदोन उभी होती ती तिने बोटांनी सरळ केली. मग मागे वाकून पाइप उचलायला लागली.

“काय करतेस?”

“जाते बाजारात. उजेड हाय तवर जागा मिळंल. आज मीच राखण करीन, झोपत न्हाई.”

“रात्रभर?”

“ह्यो बाजार चुकला की रोपं उंच होत्यात. कुणी घेत न्हाई मग. गेल्या खेपंला शेळ्यांनी खाल्ली, आता तू...” ती थांबली. “आता पुस्तकांनी.”

मी हातातला खंड बाजूला ठेवला. मग रॅकजवळ गेलो आणि पुस्तकं काढायला लागलो. आधी नेहमीच्या पद्धतीनं, चारपाच नीट जुळवून. मग हाताला येतील तशी. अंगणात, पायरीवर, तुळशीच्या कट्ट्यावर. काही उपडी पडली, काहींची पुठ्ठ्यातून पानं सुटली. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून मी शाळेतल्या पोरांना परत पाठवलेलं आहे. नलवडे रस्ता ओलांडून आले आणि न विचारता पलीकडच्या बाजूनं उचलायला लागले.

“ग्रंथपाल, दमानं घ्या,” ते हळूच म्हणाले. “सुट्टे मागितल्यावर पॅसेंजर खिसे उलटे करतो तसं काय करताय.”

रॅक भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला होता. आम्ही दोघांनी तो ओढला. तो निघाला तो भिंतीचा गिलावा घेऊनच. कुमुद दारात उभी होती. तिने तुळशीच्या कट्ट्यावरची पुस्तकं पाहिली. आत गेली.

मालन पाइप हातात धरून उभी होती.

“कशापायी करायलास ह्ये?” तिने विचारलं.

“गाडी आत जायला हवी.”

“गाडीसाठी?”

मी घाम पुसला.

“बरं,” ती म्हणाली. “मग आता भाडं सांग.”

“माले, आपलं घर आहे.”

“तुझं हाय. कागदावर तुझं हाय.”

“कागद म्हणजे काय...”

“बोल की. कागद म्हंजी काय?”

नलवड्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि ते पुन्हा आपल्या कट्ट्याकडे निघाले. बोलायला पुष्कळ होतं असं नाही. होतं ते एकच होतं आणि ते मला कुठून धरावं कळत नव्हतं.

मालनने पाइप खाली ठेवले. “उजेड हाय तवर बघू,” ती म्हणाली. “आत गेली तर भाडं देणार. न्हाई गेली तर बाजार.”

म्हणजे गाडी मावली काय, न मावली काय, संध्याकाळी ती या घरात बहीण म्हणून असणार नव्हती. हे मला तेव्हा कळलं, आणि तरी मी पुन्हा भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आरशात.

“दिसतोय का?”

“दिसतोस.”

“ये.”

गाडी आली. आता खोली रुंद वाटत होती. फळ्यांची टोकं दोन्ही बाजूंनी मोकळी जात होती. मी उजव्या भिंतीकडे, जिथे रॅक होता आणि जिथे खिळे उघडे पडले होते, तिथे डोळे लावून होतो. “ये... ये... येऊ दे.” खिळा आणि फळी यांच्यात अंतर होतं. पुरेसं होतं. मला बरं वाटायला लागलं होतं, हेसुद्धा मला आठवतं. “येऊ दे, येऊ दे.”

आणि मी वाकून मागे पाहिलं, भिंत किती राहिली ते बघायला. हौद्याखालून, मागच्या चाकांच्या पलीकडे, मला झाडू दिसला. आणि झाडूजवळ कुमुदचे पाय.

ती स्वयंपाकघराच्या त्या दारानं आली होती. रॅक ओढताना खिळे जमिनीवर सांडले होते, ते टायरमध्ये जातील म्हणून झाडायला. ते दार उघडतं हेच मी विसरलो होतो. ती खाली वाकलेली होती, आणि तिला वाटलं असावं की गाडी अजून बाहेरच उभी आहे, आम्ही भावंडं अजून भाड्यावरच अडलो आहोत.

“थांब!”

गाडी जागच्या जागी थांबली. हौद्यातले ट्रे मागे घसरले. शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली. तो आवाज माझा होता हे मला नलवड्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते कट्ट्यावरून उठून उभे राहिले होते.

मालन उतरली, भिंत आणि गाडी यांच्यामधून अंग चोरून मागे गेली. मीही तिच्या मागून गेलो. कुमुद भिंतीला टेकून उभी होती, हातात झाडू तसाच. हौद्याचं फाळकं तिच्या पोटापासून हातभर लांब होतं.

“मी म्हटलं, खिळे...” कुमुद म्हणाली.

मालनने तिच्या हातातला झाडू काढून घेतला. तिला धरून त्या छोट्या दारातून स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. मग स्वतः उंबऱ्यावर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मी मोटरखोलीतच उभा होतो, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये.

मग मालन बोलली. लग्नानंतर तिची बोली पुरती बदलली होती. सासरच्या गावची झाली होती. पण हे ती आमच्या घरात आम्ही लहानपणी बोलायचो तसं बोलली.

“एवढा आवाज आहे तुझ्यात.”

मी गाडीच्या फळीवर हात ठेवला.

“हे त्या दिवशी म्हणायचं होतंस, दादा.”

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

तात्या गेल्यानंतर वर्षभरानं मी मालनला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं होतं. सगळ्यांच्याच घरी बोलावतात. बहिणी येतात, सही करतात, साडी घेऊन जातात. कचेरीत टेबलामागच्या माणसानं रीतीप्रमाणं विचारलं, “बाई, राजीखुशीनं करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?” मालनच्या हातात पेन होतं. तिने उत्तर दिलं नाही. तिने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, पाटावर बसून मोटर चालवताना बघायची तशी. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेला देवाचा फोटो बघत होतो. तो कुठल्या देवाचा होता हे आजही सांगता येईल. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने सही केली. बाहेर आल्यावर कुमुदने तिची ओटी भरली आणि तिच्या हातावर साडी ठेवली. हिरवी इरकल, मोहरीच्या रंगाच्या काठांची. कुमुदनेच निवडली होती. चांगली टिकाऊ बघून.

“सही मी केलीच असती,” मालन उंबऱ्यावरून म्हणाली. “एवढ्या घराचं मी काय करणार होते? माझं घर तिकडं होतं. तू फक्त थांब म्हणायला हवं होतंस. एकदा. मी म्हणाले असते, असू दे रे दादा, आणि सही केली असती.”

कुमुदने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मीसुद्धा होते तिथं, वन्सं,” ती म्हणाली. “मी साडीची पिशवी धरून उभी होते.”

“तुमचं न्हाई वो वहिनी. तुम्ही भाईरनं आल्याल्या.”

बोली परत फिरली होती. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

“मला...” मी म्हणालो. पुढचे शब्द मी मनात बरीच वर्षं जुळवून ठेवले होते, पण ते सगळे पुस्तकी निघाले असते. “मला तेव्हा सुचलं नाही, माले.”

“सुचलं होतं,” ती म्हणाली. “तुला सुचतं सगळं. आवाज निघत न्हाई.”

ती उठली. साडीला लागलेला चुना झटकला आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. गाडीचा हौदा पुरता आत आला होता, पण तोंड बाहेर होतं. केबिन शटरच्या खाली अर्धी आत, अर्धी बाहेर. शटर ओढलं असतं तर टपावर बसलं असतं.

“मोजलं होतंस म्हणं,” मालन म्हणाली.

“रुंदी मोजली होती.”

नलवडे रस्त्यापलीकडून म्हणाले, “लांबी पुढच्या स्टॉपला.”

यावेळी मालन हसली. मग दोन्ही बाजूंच्या फटींकडे बघून म्हणाली, “न्हाई यायची शेळी. तोंडानं दार बंद झालंय. एवढं पुरं.”

तिने पायरीवर ठेवलेल्या साड्या उचलल्या, हौद्यात चढून रोपांवर पसरायला लागली. इरकल तिने टोमॅटोवर घातली. मी खालून टोक धरलं.

“ही तू ठेवलीस,” मी म्हणालो.

“नेसली न्हाई कवा.”

“रागानं?”

तिने काठ ट्रेखाली खोचला. “पयल्यांदा रागानंच ठिवली. मग रोपांवर घालून बघितली तर सावली चांगली पडती. बाकीच्या दोन उन्हाळ्यांत इरत्यात. ही न्हाई इरली.”

खाली उतरून तिने हात पुढे केला.

“शटरची किल्ली दे.”

“शटर कुठं लागतंय?”

“दोन किल्ल्या हाईत न्हवं? तात्यांच्या वेळच्या. एक दे मला.” मग क्षणभर थांबून म्हणाली, “भाडं देणार न्हाई मी.”

किल्ली देवघराच्या खुंटीला होती. मी आणली. तिने ती शर्टाच्या खिशात टाकली, वरून बटण लावलं, आणि कुमुदला हाक मारून विचारलं की रात्री भाकरी करायची का भात, कारण तिला भाकरीच लागते.

सकाळी उजाडायच्या आत ती गेली. मला उठवलं नाही. गाडी सरळ बाहेर काढायची होती, आरशात कुणी लागत नव्हतं.

त्यानंतर ती दर बाजाराला येत राहिली. अंगणातली पुस्तकं मी उचलली, काही बांधून घेतली, काहींची सुटलेली पानं मिळालीच नाहीत. रॅक पुन्हा ठोकले नाहीत. पिकअप जाऊन तिच्या मुलीनं मोठी गाडी घेतली, ती तर आमच्या फाटकातूनही येत नाही. नलवडे गेले. कुमुद आहे, पण गाडी मागे घेतल्याचा आवाज आला की अजूनही असेल तिथून बाजूला होते. मी कधी कधी रात्री त्या “येऊ दे, येऊ दे”ने जागा होतो. ते कोण म्हणतंय हे मला माहीत असतं.

गेल्या वर्षी शटर गंजून वरच अडकलं. एक तरुण कारागीर बोलावला. त्यानं बघितलं, तेल सोडलं, कुलपाशी खटपट केली.

“काका, हे लॉक गेलंय. काढून टाकतो, नवीन बसवू. दोन किल्ल्या येतील.”

त्यानं पाना लावला.

“थांबा,” मी म्हणालो.

आवाज वाचनालयातलाच निघाला. पण त्याला ऐकू गेला. त्यानं हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“आधी बहिणीला विचारतो,” मी म्हणालो, आणि फोन आणायला आत गेलो.